घुणाक्षर

काचेच्या नळीत पाच मिलिमीटरचा एक जीव,
स्पिरिटमध्ये बुडालेला, पाय पोटाशी घेतलेले.
सोबत एवारिश्तुची चिठ्ठी, मोंतारजिलहून:
"बुचाचा ओक, क्रमांक सदतीस. कृपया लवकर.
परदेशी असेल तर बरं होईल."

परदेशी किड्याची भरपाई मागता येते, असं त्याला वाटतं.
इथल्या किड्याचं कोण काय देणार?

मी दिवा जवळ ओढते.
हा भुंगा नव्हे, पेन्सिलीचं मोडलेलं टोक वाटतं.
डोकं वरून दिसतं का?
दिसतं. पाचव्या प्रश्नावर जा.
(झाकलेलं असतं तर दुसऱ्याच कुळात हिंडले असते दुपारभर.)
पावलाचं पहिलं पेर बाकीच्या सगळ्यांएवढं लांब?
आहे. नवव्यावर जा.
पंखांच्या झाकणांवर खोल रेघा,
आणि जिथं पाठ संपते तिथं दोन काटे.
काटे म्हणजे नर.
आधी हाच येतो, एकटा. भोक पाडतो,
दाराशी बसून कुरकुरतो, आणि वाट बघतो.
ती येते पाठीवरच्या खळग्यांत बुरशीचं बियाणं घेऊन.
लाकूड खात नाहीत दोघं. लाकडात पेरतात.
जे उगवतं त्यावर पोरं वाढतात.
ग्रीकांनी देवांच्या जेवणाला दिलेलं नाव
कुणीतरी या काळपट बुरशीला देऊन टाकलं.
आपण अमृत म्हणू. झाडाला विचारू नये.

तरी खात्री हवी, म्हणून मी शनिवारी गेले.

सदतिसाव्याच्या बुंध्याशी भुसा,
भुसा कसला, शेवयांचा बारीक चुरा,
नुकत्याच सोललेल्या तांबड्या अंगावर.
फांदीवर पानं तेवढीच, जितकी नाव घ्यायला पुरावीत.
झेफेरीनु, वय एक्याऐंशी, खोडाला कान लावून उभा.
"ऐकू येतो," म्हणाला.
मला नाही आला. मला फक्त त्याचा श्वास आला.

मग त्याने बोटाने दाखवलं: कुऱ्हाडीचे वार,
बूच ओलांडून आतल्या सालीत गेलेले, सात, आठ, अकरा.
"आवाज बदलला की हात थांबवायचा असतो.
या पोरांना झाड मोजून पैसे.
आवाज कोण ऐकत बसतो?"

बुंध्यावर पांढऱ्या रंगात पाच.
सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा, इथली रीत.
परत येताना कुत्र्याच्या घरावर पाहिलं:
जुन्या बुचाचा वाकडा तुकडा छप्पर म्हणून टाकलेला,
त्यावर फिकट सात, आणि खाली सदतीस.
सातापासून पाचापर्यंत मी बोटांवर मोजलं.
दोनदा मोजलं.
आठ.

नऊ लागतात. नऊ वर्षं थांबायचं
हे या गावात पोराला चालण्याआधी कळतं.

एवारिश्तु फाटकापाशी टोपी हातात घेऊन.
"परदेशी ना?"
"नाही," मी म्हटलं. "प्लॅटिपस सिलिंड्रस.
तुमच्या आजोबांच्याही आधीपासून इथेच राहतो.
धडधाकट झाडाकडे सहसा फिरकत नाही."
तो कुत्र्याच्या घराकडे बघत नव्हता.
इतकं की मला कळलं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आई म्हणायची.
दांडा कुठल्या झाडाचा होता
ते तिने कधी सांगितलं नाही.

रात्री फांदीचा तुकडा करवतीने कापला.
आत शाईसारख्या काळ्या वाटा,
एक वळण घेऊन थांबलेली, एक दुसरीला छेदून गेलेली.
किड्याच्या कोरण्यातून कधीमधी अक्षर उमटतं,
त्याला काही म्हणायचं नसतं, असं शाळेत शिकवलेलं.
मी तुकडा चारी बाजूंनी फिरवला.
अक्षर नव्हतं.
अक्षर बाहेर होतं, चुन्यासारखं पांढरं, मुद्दाम काढलेलं.

अहवालात नाव लिहिलं, लिंग: नर, संख्या: एक.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "सात, पाच."
मग खोडलं.
मग तेच पुन्हा लिहिलं, जरा ठळक.