पल्ला

शिकार मंडळाच्या पेटीत अठराशे चाळीस युरो,
बंदुका सात, माणसं सात, कुत्री दोन,
आणि जुने वायरलेस संच भिजून भिजून असे झालेले
की "मूस पूर्वेला" म्हटलं तर पलीकडे
नुसते मासे तळल्याचा आवाज.
चिटणीस मी. तेव्हा निवड माझी, शिव्याही माझ्याच.

मेर्वीने काउंटरवर चार प्रकार मांडले,
बाजारात आळंबी मांडते तसे, देठ तिच्याकडे.
हा स्वस्त, खेळण्यासारखा हलका.
हा तळ्यात पडला तरी तरंगतो.
ह्याची बटणं मोठी, हातमोजा न काढता दाबता येतात;
कायनूच्या नोव्हेंबरात ही गोष्ट लहान नाही.
आणि हा, ती म्हणाली, हल्ली सगळे हाच नेतात:
काचेवर नकाशा, नकाशावर सात ठिपके,
कोण कुठे उभं ते आपोआप दिसतं.
"बोलायची गरजच नाही."

तिला काय ठाऊक.
ओइवा आणि ताउनो, सख्खे भाऊ,
रस्त्याच्या दोन बाजूंना दोन टपालपेट्या,
चौदा वर्षं अबोला.
बापाचं तळ्याकाठचं रान कुणी कुणाला न विचारता विकलं
ह्यावर गावात दोन मतं आहेत, दोन्ही मला तोंडपाठ.
सौनाचे वार वाटून घेतलेत.
चर्चमध्ये सुदैवाने एक खांब मध्ये येतो.
फक्त हंगामात, रानात,
कोण कुठे उभा ते सांगावंच लागतं,
नाहीतर गोळीला भाऊबंदकी कळत नाही.
म्हणून ओइवा सांगतो: "ओढ्याच्या उगमाशी. ऐकतोय."
आणि ताउनो: "समजलं. मी खडकामागे. ऐकतोय."
आमच्याकडे वायरलेसवर वाक्य असंच संपवायची रीत.
अशी वर्षातून किती वाक्यं होतात
मी कधी मोजली नाहीत.
एकदा मोजली होती. एकेचाळीस.

ठिपक्यांचा संच मी परत सरकवला.

तरंगणारा आमच्या काय कामाचा, उरले दोन.
त्यांची परीक्षा रविवारी, दलदलीच्या दोन टोकांना.
मध्ये टेकडी हवीच; टेकडी नसेल तर कुठलाही संच शहाणा.
ओइवाला पलीकडे वर पाठवलं, ताउनो अलीकडे खाली,
मी गाडीत, वही मांडीवर.
काय बोलू, ओइवाने विचारलं होतं.
आकडे म्हण, मी म्हटलं, आकड्यांवरून भांडण होत नाही.
(होतं. हेक्टरांवरून झालंच होतं. तेव्हा सुचलं नाही.)

स्वस्त संच: नऊ, दहा, अक
आणि पुढचं टेकडीने गिळलं.
मोठ्या बटणांचा: चौदा. पंधरा. सोळा.
इतकं स्वच्छ, की आकड्यांच्या मधलंही येऊ लागलं,
गोठलेल्या शेवाळावर बूट,
कुठेतरी एक काळा सुतार,
आणि श्वास. सतरा. चढावरचा श्वास.
अठरा, आणि त्यात एक बारीक शिट्टी,
किटली उकळण्याआधी धरते तशी,
जुन्या संचाच्या खरखरीतून
कधी वेगळी निघाली नसती.

एकोणीस आला नाही.

मी बटणावर बोट ठेवलं. ठेवूनच राहिले.

"ओइवा."
खालून. चौदा वर्षांत जागा सांगून झाल्या होत्या,
नाव घेतलं नव्हतं.
"डावीकडे पडलेलं बर्च असेल. त्यावर बस.
बाबांचंही असंच सुरू झालं होतं."
मग बराच वेळ नुसती हवा.
मग, रीत म्हणून, किंवा रीत म्हणून नव्हे:
"ऐकतोय."

टेकडीपलीकडून उत्तर यायला किती वेळ लागला
ते इतिवृत्तात नाही.
इतिवृत्तात एवढंच आहे:
सात संच, मोठ्या बटणांचे, नकाशा नसलेले.
पेटीत शिल्लक बासष्ट युरो.
कारण: पल्ला पुरेसा.