दर सांगणारी

हॅलो, मी नोरीन. बोला, कुठला अवयव?
असं विचारायचं नसतं, पण मनात तेच येतं
हेडफोन कानाला लावला की.
बाहेर मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर,
पार्किंगमधला बर्फ काळा पडलेला,
आणि माझ्या पडद्यावर रकाने:
गुडघ्याचा एमआरआय,
टेकडीवरच्या हॉस्पिटलात दोन हजार नऊशे,
टायरच्या दुकानाशेजारी सहाशे चाळीस.
यंत्र तेच. घरघरही तीच.
टायरवाल्याकडच्याला गेलात, तर
विमा कंपनी दीडशे डॉलरचा चेक घरी पाठवते.
आम्ही त्याला बक्षीस म्हणतो.

लोक आधी गप्प होतात,
मग कुणी हळूच विचारतं, "यात गोम काय?"
गोम नाही हो, मी सांगते.
(आहे. पण तिचे पाय मोजत बसले
तर जेवणाची सुट्टी संपेल.)

मंगळवारी आर्मां गान्येचा फोन आला.
वरच्या बर्लिन गावचा,
कागदगिरणीत उमेद घालवलेल्या पिढीतला,
इंग्रजीला फ्रेंच हेल देणारा.
पोटाचं स्कॅन. डॉक्टरांची चिठ्ठी ऑक्टोबरची,
फ्रीजवर चुंबकाखाली लावलेली, असं तोच म्हणाला.
मी दर वाचले. तीन ठिकाणं, तीन आकडे,
अंतरं मैलांत.
तो लिहून घेत होता. पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती,
मधेच थांबून टोक काढल्याचीही.
"आणि बाई," तो म्हणाला,
"मी कुठेच गेलो नाही तर?
सगळ्यात स्वस्त तेच की.
त्याचा चेक केवढ्याचा?"

मी हसले. तो हसला नाही.
आमच्या छापील उत्तरांत
या प्रश्नाचं पान नाही.
एक मिनिट हं, म्हणून त्याला
पियानोच्या हवाली केलं
आणि डाव्या काखेत बोट दाबून बसले,
जिथे थँक्सगिव्हिंगपासून
एक वाटाणा आहे.
मला तर सगळे दर तोंडपाठ:
नाशुआ चारशे दहा, कॉन्कर्ड सातशे,
हाकेच्या अंतरावर अकराशे.
चार महिने घासाघीस चाललीय माझी.
कुणाशी, ते विचारू नका.

परत आले तर तो होताच, पियानोवर शीळ घालत.
"मस्यू गान्ये, लिटलटनला जा.
गुरुवारी नऊची वेळ मी धरून ठेवते."
वेळ धरून ठेवायची मला परवानगी नाही.
"आणि त्या चेकचं काय करू?"
"टायर घ्या."
"टायर चांगले आहेत," तो म्हणाला, आणि ठेवला.

तो गेला का, हे मला कुणी कळवणार नाही.
चेक निघाला तरच कळेल,
तेही नावाने नाही, अकरा आकड्यांनी.
रोज सकाळी कोट काढायच्या आधी
मी ते आकडे टाकून बघते. हेही चालत नाही.
शुक्रवारी काही नाही. सोमवारी काही नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत
माझ्याच कंपनीचा नंबर फिरवला.
उचलला देवीमायाने, माझ्या मागच्या खुर्चीतून.
पाठीला पाठ, चार फुटांवर,
तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला,
एकदा तारेतून, एकदा हवेतून:
"सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल ते सांगू का?"
सगळ्यात लवकर, मी म्हटलं.
तिची बोटं थांबली.
खुर्ची करकरली, पण ती वळली नाही.
मग पुन्हा कळा वाजू लागल्या.