कानोसा

रात्री दोन ते चार, हीच आमची खरी वेळ.
नऊ हजारांचं शहर झोपलेलं,
धुलाईयंत्रं गप्प, बेकरीची भट्टी अजून थंड.
तेव्हा मीटरवर जे वाहतं
ते कुणाच्याच तहानेचं नसतं.

जानेवारीत काटा चढला. मिनिटाला चार लिटर.
उर्मास म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय,
आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.
तुझी कंबर सांभाळ, म्हटलं. मी जाते.

उणे तेवीस. एस्टोनियातली कोरडी, करकरती थंडी.
माझ्याकडे ऐकायची काठी आहे, बीचच्या लाकडाची,
वरच्या टोकाला कानाएवढी वाटी,
माझ्याआधीच्या दोघांच्या कानांनी गुळगुळीत केलेली.
बर्फ खरवडायचा, झडपेवर काठी टेकवायची,
श्वास धरायचा.

धडधाकट नळ काही बोलत नाही.
फुटलेला फुत्कारतो.
प्लास्टिकचा तर आवाजसुद्धा गिळून बसतो.

चर्चपाशी काही नाही.
शाळेपाशी लांबच्या पंपाची घरघर.
स्टेशनरस्त्यावर मात्र
बारीक, सलग सूं,
जसं कुणी दातांच्या फटीतून हवा सोडतंय.

चौदा नंबरच्या स्वयंपाकघरात दिवा होता.
एल्मार वाहेर, वय शहाऐंशी, स्वेटरवर स्वेटर.
नळ उघडा. पेन्सिलीएवढी धार.

'बंद केला की गोठतो.'
'कसा गोठेल? एक मीटर ऐंशी खोल आहे.
नोंदवहीत आहे. तिथवर थंडी पोचत नाही.'

तो धारेकडे बघत राहिला.
'नोंदवहीत मीच लिहिलंय ते.
बासष्टचा डिसेंबर. पहार मारली की उलटी उसळायची.
वरून तारीख ठरलेली.
एक मीटरवर थांबलो आम्ही, आठजण.
उरलेले ऐंशी सेंटिमीटर
मी शाईने खणले.
वाटलं, उन्हाळ्यात परत उकरू.'

मग घाईघाईने:
'बिल भरतो हं मी. एकदाही चुकवलेलं नाही.'

त्याने पेला भरून पुढे केला.
या पाण्याची बाटली आम्ही दर महिन्याला तपासायला पाठवतो.
उत्तर येतं: रंग नाही, वास नाही, चव मान्य.
दात शिवशिवले. मी दुसरा पेला मागितला.

बाकीचे सात? विचारलं नाही.
भिंतीवर एकच फोटो होता, त्यात फावडी होती,
आणि कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं.

पहाटे नोंदवही उघडली.
गळती: नाही.
खोली: एक मीटर.
आधार: ज्याने खणलं तो.
शेरा: एप्रिलपर्यंत चौदा नंबरचा नळ
बंद करायला सांगू नये.

उर्मासने कॉफी ओतता ओतता विचारलं,
मुरत होतं का कुठे?

होतं, म्हटलं,
आणि काठी पुसून
हीटरपासून जरा लांब उभी केली.
लाकूड तडकतं.