वेळाधिकारी

स्पर्धेच्या पत्रिकेत माझं नाव सगळ्यात खाली :
वेळाधिकारी – श्री. धाकलू जोपळे, कनिष्ठ लिपिक.
अधिकारी हा शब्द माझ्या नावाशेजारी
पहिल्यांदाच छापून आला. एक प्रत घरी नेली.

गंगापूर रोडचं कॉलेज, सभागृहात एसी.
फळ्यावर विषय, निकम मॅडमच्या वळणदार अक्षरात :
ज्याच्या हाती सत्ता नाही, तो वर्णद्वेषी असू शकत नाही.
चार मिनिटांना पहिली घंटा, पाचला दुसरी.

परीक्षक म्हणाले, आधी शब्द पाहू.
वर्ण म्हणजे रंग. वर्ण म्हणजे जात.
वर्ण म्हणजे बाराखडीतलं अक्षरसुद्धा.
पोरं हसली.
मला तिन्हींचा मार बसलाय,
पण माझ्याकडे फक्त सेकंद होते.

बाजूने श्रावस्ती बोलली.
द्वेष तर मुंगीलाही येत असेल, म्हणाली,
मुंगीच्या द्वेषानं कुणाचं घर जात नाही.
ज्याच्याकडे दार आहे तोच दार लावतो.
बाकीच्यांचा नुसता राग. रागाला राग म्हणा.

मला पेठ फाटा दिसला, सकाळचे सात,
द्राक्षाच्या थिनिंगला माणसं हवी असली की
पिकअप थांबायची, आणि बागाईतदार
काच खाली करून म्हणायचा, ए मामा, किती जण?
बापाला मामा. आईला मामी.
मला, अकरा वर्षांच्या, बारका मामा.
नातं कुठलंच नव्हतं. पाण्याचा तांब्या वेगळा होता.

श्रावस्तीला मी अकरा सेकंद जास्त दिले.
कुणाला कळलं नाही. लोलक माझ्याच चिमटीत.

विरोधात तन्वीर पिंजारी, जुन्या नाशकातला.
माझ्या बहिणीला सावळी म्हणून
तीन स्थळांनी परत पाठवलं, म्हणाला,
तिन्ही आमच्यातलीच, तिन्ही भाड्याच्या खोल्यांतली.
नाक मुरडायला भांडवल लागत नाही.
मग तिसऱ्या रांगेकडे हात केला :
या मित्राला खोली नाकारणारे
सगळे काय राजे होते?

सगळ्यांनी वळून पाहिलं.
चिसोमो, मलावीचा, फार्मसी दुसरं वर्ष.
आपल्याकडे बघतायत म्हणून हसला.
दोन्ही बाजूंनी मिळून त्याचं उदाहरण सात वेळा दिलं.
शेजारी बसून कुणी सांगितलं नाही, चाललंय काय.

आता माझं.
महिन्यापूर्वी तो खिडकीशी आला,
व्हिसासाठी बोनाफाईड हवं होतं.
काउंटरवर त्यानं हात ठेवला. शेजारी मी माझा.
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा
माझा हात उजळ दिसला.
बरं वाटलं. झालं तसंच लिहितोय, बरं वाटलं.
म्हटलं, साहेब नाहीत.
साहेब आत पोहे खात होते,
शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये, किल्ली करदोट्याला.
चार वेळा परत पाठवला त्याला.

पगार एकोणीस हजार, तोही तीन महिने थकलेला.
याला सत्ता म्हणायचं का,
श्रावस्तीच्या व्याख्येत मी बसतो का,
तन्वीरच्या व्याख्येतून सुटतो का,
या नादात घंटा द्यायची राहिली.
समारोपाचा मुलगा सहा मिनिटं होऊन गेली तरी बोलतच होता.
जोपळे, वेळ! परीक्षक ओरडले.

निकाल पत्रिकेच्या मागं लिहून ठेवलाय,
बघावा लागेल.

चहाच्या टेबलाशी चिसोमो आला.
कुणीतरी शिकवलेलं तेवढंच मराठी :
"मामा, उद्या येऊ?"

कप हातात तसाच राहिला.
कुणी शिकवलं, काय म्हणून शिकवलं,
विचारायला माझं इंग्रजी पुरलं नसतं.
पण म्हणाला तो असा, की आईचाच भाऊ.
किंवा मला तसं ऐकू यायला हवं होतं.

उद्या रविवार.
त्याच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं.
मी म्हणालो, ये.