आज भाव नाही

फोनवर घाऊकवाला म्हणतो, आज भाव नाही.
माल आहे, ट्रक आहे,
ड्रायव्हर टायरला टेकून डुलक्या घेतोय,
फक्त भाव नाही.

ऑफेलिया झानेत्ती पाटीवरचा आकडा पुसते.
बाहिया ब्लांकात वारा सुटतो दुपारनंतर,
आकडे त्याच्याही आधी.

बाप सांगायचा, पडून राहिलेला माल
म्हणजे कुजत पडलेला पैसा.
आता पैसाच कुजतो, एका रात्रीत;
वॉशर सकाळी जसेच्या तसे.

म्हणून तिने वही बदलली.
पेसो लिहायची तिथे आता वस्तू:
कोपऱ्यावरच्या इबार्राकडून अर्ध्या इंची नळ, बारा.
त्याला देणं, तीन किलो खिळे,
भाव काही का असेना.
रुळांपलीकडची ग्रासिएला पंपाचे पट्टे ठेवील,
ही ठेवील सील.
तिघांची मिळून एक वखार,
तीन कुलपांची.

जुलैत इबार्रा गेला.
थोरला मुलगा आला, टोपी हातात,
बाबांचं काही निघतं का?

तिने वही दाखवली.
खिळे तराजूत ओतले,
काटा थरथरला, थांबला.
तीन किलो.

तो पिशवीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, राहू देत वहीतच.
सोमवारी नळ किती आणू?