चाळीस फूट

शेडमागे सव्वीस वर्षं उभं होतं कोळपं,
फासांवर गंज, दांडीवर पाकोळीचं जुनं घरटं.
आर्डिस ट्वेट म्हणाली, "काढ बाहेर. ग्रीस आण."

तेव्हा बियाणंच असं आलं होतं
की वरून एकच औषध मारायचं;
सोयाबीन तेवढं हिरवं, बाकी सगळं आठवड्यात पिवळं.
मिनेसोटाच्या या सपाट कोपऱ्यात
लोक जूनमध्ये मासे धरायला जाऊ लागले.

मग ओढ्याकाठचं एक झाड मेलं नाही.
लाल देठाचं, माठाच्या कुळातलं,
आपल्या राजगिऱ्याचं लांबचं नातेवाईक,
ज्याची ओळख घरात कुणी सांगत नाही.
आर्डिसने ते वर्तमानपत्रावर झटकलं,
बी मोजायला बसली, आणि जेवायची वेळ टळून गेली.

म्हणून यंदा दोन्ही.
ओळीवर दहा इंचांचा फवारा,
मधल्या वीस इंचांत लोखंड.
पण या दोघांचं पटत नाही:
फवाऱ्याला हवा निपचित लागते,
नाहीतर पलीकडे हुलमनबाईंच्या द्राक्षवेलीची पानं आखडतात.
कोळप्याला वारा हवा, ऊन हवं,
उपटलेलं तण मुळं वर करून वाळायला हवं.
शिवाय मध्ये आठवडाभर दम:
विष आधी मुळापर्यंत उतरू दे, मगच फास.
पहाटे पाचला आर्डिस ओलं बोट वर धरते,
दुपारी मातीचा गोळा मुठीत दाबते.
भुगा झाला तर ट्रॅक्टर.

भाचा सोरेन, तासाला चार मैल.
पहिल्या दोन फेऱ्या सरळ.
तिसरीत चाकापुढून एक टिटवी उठली,
पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत निघाली,
आणि तो तिच्याकडे बघत राहिला.
मागे सहाही ओळी, चाळीस फूट,
सोयाबीन आडवं.

आर्डिस चालत आली. एक रोप उचललं,
मुळावरची गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी.
"निरोगी होतं," म्हणाली. तेवढंच.

संध्याकाळी शेडच्या दाराला आतून
तिने पेन्सिलीने लिहिलं: तारीख, औषधाचं माप, वारा,
आणि खाली, सोरेन, ४० फूट.
त्याच्या बरंच वर, पुसट अक्षरात:
१९७१, आर्डिस, ११० फूट.
सोरेनने दोनदा वाचलं. "टिटवीच?"
"नाही. शेजारचा मुलगा."

त्या चाळीस फुटांत ऑगस्टमध्ये
लाल देठ वर येणार, हे दोघांना ठाऊक.
खुंटीवर हातमोज्यांचे दोन जोड होते.
तिने लहान जोड त्याच्याकडे फेकला.