युनिट पाच

कोर्स तीस तासांचा, क्रेडिट दोन.
नाव अजून ठरत नाही.
'जुन्या कागदांचं वाचन' लिहिलं तर
प्राचार्य म्हणतात, बाई, रद्दीच्या दुकानासारखं वाटतं.
'अभिलेख-साक्षरता' लिहिलं तर
शिपाई सातेरी टेबलावर वाकून विचारतो,
"हा कसला रोग?"

खानापुरात दुपारी लाइट जाते.
स्टाफरूमच्या खिडकीतून कौलांच्या कारखान्याची
थंड चिमणी दिसते,
आणि मी नमुना 'ब' भरत बसते :
उद्दिष्टे. फलनिष्पत्ती. मूल्यमापन.
विद्यापीठानं क्रियापदांची यादीच दिली आहे,
ओळखणे, स्पष्ट करणे, विश्लेषण करणे.
चाचपणे त्यात नाही.
आज्ज्याची सही बघून गप्प होणे, तेही नाही.

युनिट एक : मोडी.
युनिट दोन : कानडी उतारा, रकान्यारकान्यानं.
हे हुक्केरी सर घेणार.
ते शिकवतात कानडी, चहा मागतात मराठीत,
रागावतात दोन्हीत.
पहिल्याच बैठकीत त्यांनी फळ्यावर उभी रेघ मारली,
इकडं तुमचे शब्द, तिकडं आमचे.
उतारा, उतारा.
वारसा, वारसा.
तलाठी,
आणि खडू रेघेपाशीच थांबला.
"ही आता कशाला?" सर म्हणाले.
"पण पुसू नका. ऑडिटला दाखवता येईल."

युनिट तीन : मोजणी. काठी, गुंठा, सीमा.
सीमा लिहून मी जरा थबकले.
खोडलं. हद्द लिहिलं.
शेताला हद्द पुरते.

युनिट चार : अर्ज कसा लिहावा.
हे सगळ्यांना येतं
असं सगळ्यांना वाटतं.

बेळगावला मंडळापुढं गेलो तेव्हा
एक रकाना कोरा राहिला होता. माध्यम.
रकाना बोटभर.
"एकच लिहा," अध्यक्ष म्हणाले.
मी म्हटलं, कागद ज्या भाषेत निघेल त्यावर...
"कागदाचं नंतर. कोर्सचं सांगा."
हुक्केरी सरांनी माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि रकान्यात लिहिलं : प्रात्यक्षिक.
मंजूर झालं.

अकरा जणांनी नावं घातली.
पहिल्या दिवशी बाराखडी काढायची होती,
पण प्रणाली गुंजीकरनं मॅगीचं खोकं बाकावर ठेवलं.
खोक्यात पिशवी, पिशवीत फडकं,
फडक्यात डांबरगोळ्यांचा वास, त्यात तो.
"जमिनीचा हाय. नदीकडच्या.
मी हाय तवर कुणाला दावू नको म्हणलावता आज्जा.
आता न्हाई तो. म्हणून दाखवूलालो."

तीन तासिका गेल्या.
मी, अकरा पोरं, भिंग घेऊन हुक्केरी सर.
शेवटची ओळ आधी सुटली,
पहिली सगळ्यात उशिरा.

जमिनीचा नव्हता.

तांब्याचे हंडे दोन, परात एक, समई जोड एक,
नंदगडचे मल्लप्पा अंगडी यांजकडून
लग्नाकरिता आणिले असेत.
कार्य होताच परत करणे.
खाली अंगठा, शाई अजून निळी.

आधी कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.
प्रणाली नाही.
"परत केले काय ते, बाई?"
कागद त्याबद्दल काही बोलत नव्हता.

रविवारी ती नंदगडला गेली,
बाजारात अंगड्यांचं घर विचारत.
हुक्केरी सरांना घेऊन गेली,
कानडी लागेल म्हणून.
लागली नाही.
दारात बसलेल्या म्हातारीनं
कागद हातात न घेताच ऐकला,
शेंगा सोलायच्या थांबली,
आणि मराठीत विचारलं,
"हंडे? दोन का तीन?"

सोमवारी मी नमुना 'ब' पुन्हा काढलाय.
पेन्सिलीनं लिहिलंय : युनिट पाच, तास सहा.
पुढं काय, ते सुचत नाही.
सातेरी मघाशी सांगून गेला
की लाइट आली.